उलट्या बाजूने आखलेली गिटार

४ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्याच वयाचा, त्याचं किती मनावर घ्यायचं!

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर काही विचारलं की तू बरंय-बरंय म्हणतोस आणि फोन वहिनीच्या हातात देतोस. कागदाचं तसं करता येणार नाही, उत्तर तुलाच लिहावं लागेल.

तर बातमी अशी. दुकानातलं कापड बेतायचं मोठं टेबल अखेर मोडीत काढलं. पाय पार खिळखिळे झाले होते, पण वरची फळी ठणठणीत आहे, चांगली दीड इंच जाड. चौतीस वर्षं तिच्यावर कापडं बेतली, ती कुणाला देऊन टाकायचा जीव होईना. सुतार म्हणाला, दोन स्टुलं होतील. मला स्टुलं नकोत. मला तिची गिटार करायची आहे, विजेवरची, तुझी होती तशी. हस, हसून घे.

आता माझ्या शंका. भरीव फळीतून आवाज निघतोच कसा? तू गिटारच्या स्पीकरचे खोके करतोस ते पोकळ, मग गिटार भरीव का? आणि मानेवरच्या त्या धातूच्या पट्ट्या पुढे पुढे जवळ का येत जातात? साठीला टेकल्यावर डोक्यात असा भुंगा शिरेल असं वाटलं नव्हतं.

अपघाताला तीन वर्षं झाली. तेव्हापासून गिटार हा शब्द आपल्या घरात कुणी काढलेला नाही. आज मी काढते आहे. कारखान्यातल्या प्रेसने तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं नेली, तुझं डोकं नेलेलं नाही. मला पूर्ण मापाचा आराखडा काढून पाठव.

वहिनीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो आता कागदावरही येऊ दे.

तुझी
ताई

---

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र तुझ्या वहिनीने आधी वाचलं आणि ती इतकी हसली की मला ते तिच्या हातातून ओढून घ्यावं लागलं.

आराखडा सोबत आहे. शिवणाच्या कागदावरच काढला, म्हणजे तुला परका वाटायला नको. धड, मान, तारांच्या खुंट्या, भोकं, सगळं एकास एक मापात आहे. जिथे लाल पेन्सिल आहे तिथे एक मिलिमीटरसुद्धा इकडेतिकडे चालणार नाही. चोळीत दोऱ्याभराची सूट तू चालवून घेशील, गिटार घेत नाही.

शंकांचं उत्तर. फळी भरीव असते कारण बोलायचं काम तिचं नाहीच. तारांखाली एक चुंबक असतो, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची लोखंडी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज थरथरते. ती ॲम्प्लिफायरमध्ये मोठी होते आणि खोक्यातल्या स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर पडते. म्हणजे गिटार नुसती कानात सांगते, गावभर करतो तो माझा खोका. पट्ट्यांचं म्हणशील तर तार जितकी आखूड तितका सूर वर, आणि दर सुराला ती त्याच प्रमाणात आखूड व्हावी लागते. उरलेली तारच कमी कमी होत जाते, म्हणून अंतरंही.

सध्या माझा सातवा खोका चालू आहे. अठरा मिलिमीटरचा प्लाय, कोपरे दातेरी जोडाचे, पाठ अर्धी उघडी. पाठ बंद केली तर आवाज ठोशासारखा समोर येतो, उघडी ठेवली तर खोलीभर पसरतो. दर रविवारी आमच्या कारखान्यातला फिटर येतो, माझीच जुनी गिटार घेऊन. तो वाजवतो आणि मी खोक्याला कान लावून बसतो. या सातव्याने मात्र छळलंय. खालचा एक ठरावीक सूर लागला की कुठेतरी झर्र होतं. तीनदा सगळे स्क्रू काढून पुन्हा बसवले, झर्र तिथेच.

एक अट. गिटार कर, हौसेने कर, काहीही विचार. मला वाजवायला मात्र सांगायचं नाही. तेवढं सोडून बाकी सगळा लोभ असू दे.

तुझा
खटपट्या

---

२२ मार्च

चि. खटपट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तांब्याचे सात हजार वेढे मी कशावर घातले असतील सांग बघू? शिलाई मशिनीच्या बॉबिन भरायच्या चकतीवर! चार हजार आठशेला तार तुटली. दुकानातली कारागीर बाई भिंतीवर खडूने शेकड्याची एकेक रेघ मारत होती, तिने खडू खाली ठेवला आणि चहाला निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आता आमच्या भिंतीवर सत्तर रेघा आहेत आणि गिऱ्हाइकं विचारतात की हे काय, तुरुंगातले दिवस मोजताय का.

तुझ्या झर्रबद्दल मला एक शंका आहे. माझ्या मशिनीचा वेग एका ठिकाणी आला की टेबलावरची कात्री वाजायची. मी वर्षभर मशिनीला तेल घालत होते. आवाज तुझ्या खोक्यातून नसेलही, खोलीतून असेल.

आता कबुलीजबाब. माझी गिटार उलटी झाली आहे.

कापडावर खडू नेहमी उलट बाजूने मारायचा, म्हणजे सुलट बाजू स्वच्छ राहते. हात आपोआप तसे चालतात. मी फळीची चांगली बाजू खाली घातली, पाठीवर तुझा कागद पसरला, आखलं आणि सुताराकडून कापून आणलं. कापड दुहेरी घडीचं असतं, डावी बाही उजवी बाही एकदम निघते, त्यामुळे आजवर कधी अंगाशी आलं नाही. फळी काही दुहेरी नव्हती. चुंबकाचा खळगा, बटणांची भोकं सगळं होईपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नाही. तुझा तो कारखान्याच्या संमेलनात गिटार वाजवतानाचा फोटो समोर ठेवून मी दुकानातल्या मोठ्या आरशापुढे ती गळ्यात अडकवली. आरशात पाहिलं तर अगदी फोटोतल्यासारखी. मान खाली घालून पाहिलं तर गिटारची मान बसायची जागा उजव्या हाताला! चौतीस वर्षांत माझं असं हसं झालं नव्हतं.

मान अजून बसवायची आहे. काय करू ते सांग, रागावलास तरी चालेल.

आणि एक विचारते, आवडलं नाही तर उत्तर देऊ नकोस. फिटर तुझी गिटार वाजवतो आणि तू खोक्याला कान लावतोस, तेव्हा तुला कसं वाटतं? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

वहिनीला आशीर्वाद सांग, आणि या वेड्या बहिणीवरचा लोभ आटू देऊ नकोस.

ताई

---

३० मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. रागावायचा बेत होता. पण दुहेरी घडीपर्यंत आलो आणि हसू फुटलं. फिटरला सांगितलं तर तो दोन दिवस यंत्रापाशी मधेच हसत होता.

ऐक. धड उलटं झालं ते झालं, फळी वाया घालवू नकोस. मान दोन्ही बाजूंनी सारखीच असते, ती बसेल. तारा जिथून निघतात ती हाडाची छोटी पट्टी आहे ना, तिच्या खाचा मात्र माझ्या कागदावर दाखवल्यात तशाच काप, जाड तारेची खाच जिथे आहे तिथेच. रूप थोडं विचित्र दिसेल, बटणं वरच्या अंगाला येतील, पण चारचौघांसारखी वाजवता तरी येईल. खाचा उलट कापल्यास तर ती फक्त डावखुऱ्या माणसाच्या कामाची राहील, आणि आपल्या सात पिढ्यांत कुणी डावखुरं नाही.

तुझ्या शेवटच्या प्रश्नावर तीन दिवस पत्र अडलं. लिहून टाकतो. फिटर चांगला वाजवतो. मी मान डोलावतो, आवाजाचा तिखटपणा कमी कर म्हणतो, आणि सगळा वेळ माझी उरलेली बोटं पँटवर तो सूर शोधत असतात. मधलं आणि त्याच्या शेजारचं बोट अर्ध्यावरच संपतं, तारेपर्यंत पोचतच नाही. सुरुवातीला घरात कुणी नसताना करून पाहिलं होतं. जे निघालं ते ऐकवत नव्हतं. गिटार दिली ती हौसेने नाही दिली ताई, ती कोपऱ्यात दिसली की जेवण जात नव्हतं. खोके करतो कारण खोक्याला माझ्या बोटांची मोजदाद करावी लागत नाही.

पुन्हा विचारू नकोस. लोभ मात्र होता तसाच राहू दे.

खटपट्या

---

२ मे

चि. खटपट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. सोबत पार्सल आहे. जपून उघड, वरच्या रजईला टाके मीच घातलेत, ते कात्रीने काप, दाताने नको.

तुझं पत्र वाचून मी खूप रडले. तू तीन वर्षं एकटाच हे घेऊन बसलास आणि मी फोनवर हवापाणी विचारत राहिले, याचं वाईट वाटलं. मग डोळे पुसले आणि पुन्हा आरशापुढे जाऊन उभी राहिले. गिटार उलटी, मान माझ्या उजव्या हातात. माझा उजवा हात बघितला, आणि मग तुझा आठवला. त्याला पाचही बोटं आहेत रे. डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या जवळचं बोटही शाबूत आहे, तारा छेडायच्या चकतीला एवढं पुरतं की नाही, ते तुलाच माहीत.

म्हणून तू सांगितलंस तशा खाचा मी कापल्या नाहीत. उलट कापल्या. धड चुकून उलटं झालं, ते खरं आहे, शपथेवर सांगते. पट्टी मात्र मी दोनदा मापून, समजून-उमजून उलट केली. आता ही दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही.

तुझी अट मला आठवते. वाजव असं मी कुठेही लिहिलेलं नाही, पत्र पुन्हा वाचून खात्री करून घे. फक्त माझ्या वेढ्यांतून घूंऽ असा आवाज येतो का, तेवढं तुझ्या खोक्याला जोडून बघ.

रागावलास तर राग कळव, पण गप्प राहू नकोस. लोभाची वाट बघते.

ताई

---

१४ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. मी सांगतो आहे आणि वहिनी लिहिते आहे. ती मधे मधे स्वतःचं काही घुसडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. (ताई, जरूर लक्ष द्या.)

पार्सल आलं त्या दिवशी मी खूप चिडलो. ते पलंगाखाली सारलं आणि आठ दिवस तिकडे बघितलं नाही. (नऊ. आणि रोज झाडताना मी ते मुद्दाम बाहेर ओढत होते.) मग वाटलं, निदान वेढे तरी तपासावेत. घूं आवाज येतो, थोडा येतो. अर्थिंगची एक तार जोडायची राहिली होती, ती मी जोडली. जोडल्यावर तपासायला तारा छेडाव्या लागल्या. छेडताना ती गळ्यात अडकवावी लागली. बाकी तू समजलीसच.

काही जमत नाही, ताई. डोक्याला सगळं येतं आणि उजव्या हाताला काहीच येत नाही. वीस वर्षं वाजवलेलं सगळं माहीत आहे, आणि बोटं मात्र पहिल्या दिवसाच्या शिकाऊसारखी अडखळतात. दोन सूर बदलायला मी पाणी पिऊन येण्याएवढा वेळ लावतो. (खरं आहे. शेजारीण विचारून गेली की घरात काही दुरुस्ती निघाली आहे का.) फिटर आला की समोरासमोर बसतो. तो उजवा, मी डावा, त्यामुळे तो मला आरशासारखा दिसतो, त्याचं बोट जिथे जातं तिथे माझं नेतो. हे इतकं सोपं तीन वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. मी सगळा वेळ गेलेल्या बोटांकडेच बघत होतो.

झर्र सापडलं. त्या खालच्या सुरावर मी स्वतः थांबलो तेव्हा कळलं की ते खोक्यात नाहीच. भिंतीतल्या फडताळावर स्क्रूंची काचेची बरणी आहे, तिचं झाकण. तुझं खरं निघालं, पण फार फुशारू नकोस.

धड उलटं झालं ते चुकून, हे मी मानतो. पट्टीबद्दल भेटल्यावर भांडू. पुढच्या महिन्यात ये, तुझ्या टेबलाचा आवाज कसा आहे ते तुलाही ऐकायचं असेल. अजून सांगण्यासारखं काही येत नाही, पण तू आलीस तर पत्रात घातली होती ती अट काढून घेईन. लोभ आहे तो वाढव, मला आता त्याची गरज पडणार आहे.

तुझा
खटपट्या

ता. क. ताई, हे उठून गेलेत, म्हणून हे माझ्या मनचं. पत्र मी का लिहिते आहे ते सांगायचं त्यांनी टाळलं. उजव्या हाताच्या चारही बोटांच्या टोकांना फोड आलेत, पेन धरवत नाही. मलम पुढे केलं तर नको म्हणाले, ते कडक व्हायला हवेत म्हणे. जेवायला बसले की सारखी बोटं उलटीसुलटी करून बघतात आणि मलाही दाखवतात.