मागच्या पानावरच्या दोन ओळी

प्रिय टाक,

तुझ्या चित्रांचं पाकीट येऊन आज तेवीस दिवस झाले. मध्ये दोनदा तुझा फोन आला आणि दोन्ही वेळा मी चष्म्याचा नंबर वाढल्याची थाप मारली. ज्याने चाळीस वर्षं लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासल्या, त्यालाच चष्म्याची थाप मारायची, म्हणजे माझ्या धिटाईचीही कमाल आहे. तू नुसता हसलास. म्हणालास, सवडीने बघ, पण पुस्तक छापायला जाण्याआधी मागच्या पानावर तुझा दोन ओळींचा अभिप्राय हवा. तू कवितेतला माणूस, तुला सोडून कुणाला विचारू, असंही म्हणालास. चिठ्ठीतही तेच लिहिलंयस, आणि खाली एक ओळ जास्त: 'खोटं कौतुक करू नकोस.' जन्मभर पोरांकडून पंधरा-पंधरा ओळींचे निबंध लिहून घेतलेल्या मास्तरला या दोन ओळी काही जमेनात. म्हणून आधी हे लांबण.

सुरुवात नातीपासून करतो. ती आता पंधरा वर्षांची आहे. शाळेतून आली की दप्तर फेकायचं, माझ्या खुर्चीच्या हातावर बसायचं आणि टॅबवर मला एक कोरियन चित्रकथा वाचून दाखवायची, असा गेलं वर्षभर आमचा नेम होता. आपल्या वेळच्या चार चौकटींसारखं ते नाही. पान उलटायचंच नाही, बोटाने वर सरकवत राहायचं. दोर धरून विहिरीत हळूहळू उतरावं आणि वाटेत भिंतीवर चित्रं लागत जावीत, तसं. एका राज्याचं आकाश फाटत चाललेलं असतं आणि एक मुलगी ते सुईदोऱ्याने शिवत असते. पण दर टाक्याला तिच्या डोळ्यांतला एक रंग जातो. आधी तांबडा गेला. तिथून पुढे तिच्या नजरेतून दिसणाऱ्या चौकटींत तांबडं काही नाहीच; गुलाब करडे, ओठ करडे, मावळतीही करडी. शाळेच्या पुस्तकातल्या मावळतीच्या सगळ्या कविता मला अजून चालीसकट पाठ आहेत, पण ती करडी मावळती बघितली आणि एकही ओळ तोंडात येईना. टाक, खरं सांगतो, तेव्हा मला तू आठवलास. एवढं आकाश एवढ्याशा कागदावर मावतं, हे मला पहिल्यांदा तू दाखवलंस.

प्रत्येक भागाखाली वाचकांचे अभिप्राय असतात, हजारांनी. ते यंत्र आपल्या भाषेत करून देतं, तेही त्याच्या तऱ्हेने. कुणी लिहिलेलं, 'आज माझे डोळे पोटभर जेवले.' एकीने विचारलेलं, 'या ढगावर खोली भाड्याने मिळेल काय?' गोष्टीत एक देखणा सेनापती आहे, त्याच्यावरून तर रोजची हाणामारी. निम्म्यांना त्याचं लग्न त्या मुलीशी लावायचं होतं आणि उरलेले त्याला लोण्याचा गोळा म्हणत. नात म्हणायची, आजोबा, तुम्ही मास्तर ना, द्या यांना गुण. मी दहापैकी गुण द्यायचो आणि ती हसून लोळायची. गोष्टीपेक्षा मला हे अभिप्रायच जास्त आवडायला लागले होते. का, ते तुला कळलं असेलच.

आपलं हस्तलिखित. नववीचं वर्ष. तुझी बोटं सदा शाईने माखलेली, अंगाने तू टाकासारखा काटकुळा. मी गोलमटोल आणि सदा तुझ्या शेजारी, म्हणून मी दौत. सगळी शाळा याच नावांनी हाक मारायची. त्या अंकात तुझी दहा पानांची चित्रकथा होती, ढगांच्या घोड्याची, आणि माझी एक कविता. शेवटी आठ कोरी पानं शिवलेली. अंक वर्गावर्गांतून फिरायचा आणि ज्याला वाटेल त्याने तिथे अभिप्राय लिहायचा, नाव घालायची सक्ती नव्हती. मी रोज मधल्या सुट्टीत जाऊन ती पानं वाचायचो. घोडा, घोडा, घोडा. वरच्या वर्गातल्या मुलींनीसुद्धा घोडाच लिहिलेला. माझ्या कवितेवर एकही अक्षर नाही. आणि ते योग्यच होतं म्हण, कारण तिची चाल पाठ्यपुस्तकातली, दोन कडवी तर जवळजवळ तिथलीच उचललेली. पुढे वर्गात एकतीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत लाल शाईने 'स्वतःच्या शब्दांत लिहा' असं लिहीत आलो. कविता माणसाला मोठं करते, असंही सांगत आलो. माझ्यावर तिचा तसा काही परिणाम दिसत नाही.

तर ती चित्रकथा. मुलीच्या डोळ्यांतून पिवळाही गेला, तेव्हा अभिप्रायांचा सूर फिरला. चित्रकाराला आता रंग भरायचाही कंटाळा आलाय, असं लोक लिहू लागले. नात चिडायची, म्हणायची, यांना डोळे आहेत की बटणं? मग एके दिवशी एक ओळ आली. खाली नाव नाही, फोटो नाही. 'चित्रं सुंदर आहेत, पण ही कुठून उचललीत ते मी पाहिलं आहे.' कुठून, असं पुष्कळांनी विचारलं. त्याचं उत्तर आलंच नाही. पण आठ दिवसांत तीच ओळ हजार तोंडांनी बोलली जाऊ लागली, आणि नवव्या दिवशी नव्या भागाच्या जागी एक करडी चौकट आली. चित्रकथा थांबवली आहे, एवढंच त्यात लिहिलेलं.  नातीने त्या चौकटीखाली एक अभिप्राय लिहिला, 'मी वाट बघेन', आणि पुढे आपलं पूर्ण नाव. मी म्हटलं, अगं, एवढ्या हजारांत तो कोण वाचणार? ती म्हणाली, न वाचू देत. आणि मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आजोबा, असं लिहिणारा माणूस त्या दिवशी नीट जेवला असेल?"

जेवला होता, टाक. दोन्ही वेळा. झोपही छान लागली होती.

'चित्रे सुंदर, पण उसनी. मूळ पुस्तक मी पाहिले आहे.' आठ कोऱ्या पानांतल्या सहाव्या पानावर, खाली कोपऱ्यात. अक्षर कुणाला ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने. मुख्याध्यापकांनी तुला बोलावलं आणि विचारलं, कुठलं पुस्तक ते दाखव. जे पुस्तक नाहीच ते तू कुठून दाखवणार? अंक कपाटात गेला, हस्तलिखितांच्या स्पर्धेला जायचा होता तो गेला नाही. तुझ्या वडिलांनी तुझे ब्रश कुणाला तरी देऊन टाकले आणि तुला चष्म्याच्या दुकानात बसवलं. संशय तू घेतलास चित्रकलेच्या मास्तरांवर. घोडा बघून ते म्हणाले होते ना, हा हात शाळेतल्या पोराचा नाही. ते कौतुक होतं, पण तुला त्यात पुरावा दिसला. तू पुन्हा त्यांना कधी नमस्कार केला नाहीस. ते गेले तेव्हाही आला नाहीस. मी गेलो होतो. त्यांच्या बायकोने मला विचारलं, तुझा तो चित्रं काढणारा मित्र आमच्यावर का रागावला रे? मी म्हणालो, कुणास ठाऊक.

नातीला मी त्याच दुपारी सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, लहान होतात तुम्ही आजोबा, असं काहीतरी म्हणेल. तिने टॅब मिटला आणि विचारलं, "त्यांना सांगितलंत?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग मला कशाला सांगता?" एवढंच बोलली. आता ती आपल्या खोलीत वाचते. दार उघडं असतं, पण हाक येत नाही.

तुझी चोवीस पानं मी रोज बघतो. तोच ढगांचा घोडा. खोटं कौतुक नको म्हणालास, तर ऐक. रेघ थरथरते. नववीत त्या घोड्याची मान तू एका दमात काढायचास, कागदावरून हात न उचलता. आता तिथे सात ठिकाणी थांबलायस. वयाला दोष देऊ नकोस. न थरथरणारा हात तुझ्याकडे होता तेव्हा त्याला काम उरलं नव्हतं, कारण ते मी काढून घेतलं. तू कशात कमी पडलास म्हणून नव्हे, मी कमी पडलो म्हणून. क्षमा मागत नाही. ती तू देशील, इतका तू भला आहेस, आणि मला ती पचणार नाही. हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी की तू मागितलेला अभिप्राय द्यायच्या आधी माझा पहिला अभिप्राय तुझ्या हातात पडायला हवा होता. आता दुसरा. वेगळ्या कागदावर सोबत ठेवला आहे. उजव्या हाताने लिहिलाय आणि खाली माझं पूर्ण नाव आहे. छापायचा की फाडायचा, ते तू ठरव. 'ही चित्रे याची स्वतःची आहेत. साठ वर्षांपूर्वीचीही याचीच होती. मूळ पुस्तक असे कोणतेही नव्हते.' कागदावर मोजून दोन ओळी झाल्या.

अजून म्हणू देणार असलास तर तुझाच,
दौत