घाटात उतरवलं

रविवार, संध्याकाळ

राग जात नाहीये, म्हणून लिहिते.

नवऱ्यानं हौसेनं घेतलेली ती जुनी स्पोर्ट्स कार राजूर घाट चढताना आज परत धक्के खात मिस मारायला लागली. त्यानं ती कडेला घेतली.

"तू उतर बरं. तू बसली का हे असं होते."

मी उतरले. बराच वेळ भांडलो. मग त्यानं चावी फिरवली, इंजिन छान चाललं आणि तो हात हलवत निघून गेला. माझा मोबाईल सीटवरच.

उन्हात चालत राहिले. शेवटी एका टेम्पोवाल्या काकांनी बुलढाण्यात गॅरेजपाशी सोडलं. हा तिथे चहा पीत बसलेला. मी वाटेत असताना माझ्या मोबाईलवर आईचा फोन आला होता, तर हा तिला म्हणाला, "ती हवा खाऊन राह्यली."

मी मिस्त्रीला विचारलं, "भाऊ, तापल्यावरच मिस मारते का? आम्ही भांडलो तेवढ्यात थंड झाली असेल." त्यानं इंजिन तापवून पाहिलं. इंजिनला ठिणगी देणारी कॉइल गरम झाली की ठिणगी तुटत होती.

नवरा सगळ्यांसमोर हसला. "तुले उतरवलं नसतं तं समजलं असतं का?"

नवी कॉइल बसली. परतताना घाटात त्यानं वेग कमी केला. "उतरते का?"

मी खरंच उतरले, मोबाईल घेऊन. तो हॉर्न वाजवत राहिला. मागून मलकापूरची एसटी आली, मी हात केला आणि माहेरी आले.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग मला न विचारता त्याला फोन लावला.

"जावई सकाळी न्यायले येतात," म्हणाली. "लवकर आंघोळ करून घे."