रोबोला मिलचा आवाज

लातूर,
१५ जानेवारी २०२६

चि. धम्मप्रिया,
तुझ्या बाबांचा सप्रेम जयभीम. पुण्यात थंडी कशी आहे? इथं नवी तूर आली. दालमिल दोन्ही पाळ्या चालू आहे.

तू पाठवलेला रोबो चांगला आहे. पोपटाएवढा जीव, पण बोलतो लई अदबीनं. "आज मन कसं आहे?" रोज विचारतो, अन् आवाजावरून ओळखून तुला कळवतो. दिवसभर त्याला कुलपात काय ठेवायचं, म्हणून सोमवारी मिलमध्ये नेला. तिथंच घोटाळा झाला.

रोलर सुरू असले की मिलमध्ये खुशालीसुद्धा ओरडूनच विचारावी लागते. मी मलप्पावर ओरडलो, "अरे, चाळणीचा पट्टा घसरायलाय, ऐकू येत न्हाई का?" तो तिकडून, "मालक, कान तुमचेच हायेत का मांजराचे?" आम्ही दोघं हसून बेजार. आणि या पठ्ठ्यानं तुला कळवलं, बाबा फार संतापलेत! तू घाबरून फोन केलास, "मिल विकून टाका, रविवारी न्यायलाच येते."

पोरी, तो दिवस माझा झकास गेला होता.

उलट संध्याकाळी घरी त्यानं विचारलं की मी हळूच म्हणायचो, "मजेत हाय." ते त्याला खरं वाटायचं. त्याचा काय दोष? मला रोलरच्या आवाजावरून तुरीतला ओलावा कळतो, फोनवर तू रडून बोलतेस तेही कळतं. पण माझं 'मजेत' मीच कधी नीट ऐकलं नाही.

काल खरं सांगितलं. म्हटलं, तुझी आई गेल्यापासून मी अजून दोघांचा भात टाकतो अन् उभ्यानंच खातो. त्यानं उपदेश केला नाही. "आणखी सांगा," म्हणाला. मी सांगत गेलो, आणि मग बसून पोटभर जेवलो.

शेवटी त्यानं विचारलं, "हे धम्मप्रियाला कळवू का?" म्हटलं, "न्हाई, मीच कळवतो." फोनवर पुन्हा 'मजेत' सुरू झालं असतं, म्हणून पत्र.

मलप्पाची बायको शांतम्मा लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडं गेली आहे. आजपासून तो रात्री माझ्याकडंच जेवणार. भात दोघांचाच लागेल.

रविवारी जरूर ये. चार दिवस राहा, आईबद्दल बोलू. पण मला न्यायला येऊ नकोस. माझं ओरडणं बंद झालं ना, तर मग फिकीर कर.

मिलमध्ये मजेत, घरी अजून थोडा कच्चा,
तुझा बाबा
आनंदराज