पत्ता सापडला नाही तर

३ मार्च, मंगळवार

ताईचा निरोप आला. चार वर्षांनी! मला वाटलं, कोणीतरी गेलं. तर एकच ओळ — 'तुझी माणसं माझ्या दारात पाठवणं बंद कर.'

माझी माणसं! माझ्याकडे आहेत कोण माणसं? एक मी आणि एक घुमी. घुमी म्हणजे आमच्या वार्तापत्राचा मजकूर तपासणारी. आठवड्यात चार वाक्यं बोलते, त्यातली दोन खिडकी लावण्याबद्दल असतात. नकाशाची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या नऊ हजार लोकांना आम्ही दोघी दर गुरुवारी त्यांच्या कामाच्या बातम्या पाठवतो. पण ताईला वाटतं, ही नकाशावाली, म्हणजे जगातली सगळी ये-जा हिच्याच हुकमाने चालते.

चार वर्षांपूर्वी आई गेली, पहाटे. मला कळवलं दुपारी. 'तू कामात असशील म्हणून.' आठवड्याने आईच्या घराची किल्ली परत मागितली, तीही स्वतः नाही, भाऊजींना पाठवून. आणि आता तोंड वर करून मलाच दम देते.

४ मार्च

उत्तर दिलं नाही. देणारही नाही. बसू दे वाट बघत.

५ मार्च, गुरुवार

अंक गेला. नद्यांची नवी माहिती फुकट उपलब्ध झाली, एक जुनं साधन वर्षअखेर बंद पडणार, उंची मोजण्याच्या पद्धतीवरून दोन शहाण्यांचं भांडण. माझ्या मते चांगला अंक. पहिली तक्रार अकराव्या मिनिटाला.

वाचत कोणी नाही, उचलतात सगळे. आमच्या साइटवर नमुन्यांचं एक पान आहे. तयार कोड, घ्या आणि आपल्या ॲपमध्ये चिकटवा. सगळ्यात जास्त खपतो तो 'पत्त्यावरून जागा'. बारा ओळी, अकरा वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या. पत्ता टाका, नकाशावर ठिपका मिळवा. हजारोंनी उचलला असेल. काय उचललं ते कितीजणांनी वाचलं? एकाने तर माझी खासगी टीपसुद्धा तशीच ठेवली होती — 'हे उद्या नीट करायचं'. ती आता एका सामान पोचवणाऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये आहे. आयतोबा!

८ मार्च, रविवार

भाचीचा फोन. आवाज मोठ्या बाईचा झालाय. शेवटची भेटली तेव्हा दातांना तार होती.

आईला न सांगता करतेय म्हणाली. त्यांच्या दारात रोज कोणीतरी येऊन उभं राहतं. कोणाचं पार्सल 'इथेच पोचलं' असं फोन सांगतो, ते कुठेय म्हणून. कोणाचा फोन हरवलाय, तो यांच्या घरात दिसतो, म्हणजे हेच चोर. एक बाई नवऱ्याला शोधत आली आणि पायरीवर बसून राहिली, उठेचना. पोलीस तर दोनदा येऊन कपाटं उघडून गेले. भाऊजींनी फाटकावर पाटी लावलीय — 'तुमची वस्तू इथे नाही.' लोक ती वाचतात आणि मग बेल वाजवतात.

मला हसू आलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. घर हवं होतं ना? घ्या घर!

ती म्हणाली, "मावशी, आई म्हणते तू मुद्दाम करतेस." मी म्हटलं, तुझ्या आईला सांग, मला नसते उद्योग करायला वेळ नाही. पण कधीपासून, ते विचारलं. आजी गेल्यापासून, म्हणाली. आधी कधीतरी, आता रोज.

१० मार्च, मंगळवार

शंकासुराचं पत्र. हा आमचा एक वाचक. दर अंकानंतर शंका काढतो आणि दुर्दैवाने निम्म्या वेळा त्याचंच बरोबर असतं. या वेळी लिहितो, की तीन वेगळ्या कंपन्यांच्या तीन ॲपमध्ये त्याने मुद्दाम खोटे पत्ते टाकून पाहिले. 'सापडलं नाही' असं सांगायचं सोडून तिन्ही ॲप एकाच ठिकाणी ठिपका दाखवतात. बातमी होईल का?

होईल म्हणजे काय! आळशांची टोळी एकदम हातात सापडली. मथळाही सुचला. त्याने दिलेले त्या जागेच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे नकाशावर टाकले, जवळ गेले, आणखी जवळ.

हिरवं फाटक. गच्चीवर दोन टाक्या, एक वाकडी. आईने लावलेलं लिंबाचं झाड.

मथळा खोडला.

११ मार्च, बुधवार

आकडे माझ्याच नमुन्यात आहेत. बाराव्या ओळीत. 'पत्ता सापडला नाही तर हा बिंदू दाखव' — आणि पुढे आमचं घर, सहा दशांशांपर्यंत. म्हणजे नुसतं घर नाही, स्वयंपाकघराची पायरी. हरवलेले फोन आणि गाड्या शोधणाऱ्या ॲपवाल्यांनीही हीच ओळ उचललेली दिसते.

अकरा वर्षांपूर्वी घातले असणार. तेव्हा आई होती, घर माझंही होतं, आणि जगातले तेवढेच आकडे मला तोंडपाठ होते. कोणीही असंच केलं असतं. नमुना म्हणजे नमुना! आपापले आकडे घाला असं वेगळं सांगावं लागतं का? चिकटवणाऱ्यांनी बघायला नको?

शिवाय हिशेब जुळत नाही. नमुना अकरा वर्षांचा आणि ताईचा त्रास चार वर्षांचा. आधीची सात वर्षं लोक काय सुट्टीवर होते? तेव्हा सगळं खापर माझ्यावर फोडता येणार नाही. हे लिहून ठेवते, वेळेला उपयोगी पडेल.

१२ मार्च, गुरुवार

आकडे बदलले. गुपचूप. अंकात एक अक्षर घातलं नाही.

घुमीला मात्र दिसलंच. "दुरुस्तीची सूचना द्यायची ना?" म्हणाली. मी म्हटलं, पान दुरुस्त झालंय, पुरे. तिचं बरोबर आहे, ते मला का कळत नाही? आमचं पान बदलल्याने ज्यांनी आधीच उचललंय त्यांची ॲप बदलत नाहीत. त्यांना सांगायलाच हवं, तुमची बारावी ओळ काढा म्हणून. पण ते सांगायचं म्हणजे नऊ हजार लोकांसमोर उभं राहून म्हणायचं — चूक माझी. आणि भाची अंक वाचते. म्हणजे संध्याकाळपर्यंत ताईला कळणार. 'बघ, म्हटलं नव्हतं?' हे तिचं वाक्य मी जन्मभर ऐकलंय. आणखी एकदा ऐकायची तयारी नाही.

शंकासुराला 'तपासत आहोत' असं कळवलं.

१५ मार्च, रविवार

भाऊजींचा हात मोडला. मनगटापाशी, दोन ठिकाणी.

काल दुपारी तिघे आले, चोरीची मोटारसायकल शोधत. फोन म्हणत होता, इथेच आहे. भाऊजी पाटी दाखवायला गेले. त्यांनी फाटक ढकललं, भाऊजी मध्ये सापडले. भाची सांगत होती आणि मागून ताईचा आवाज येत होता. रडत नव्हती. फरशी पुसायचं फडकं कुठेय ते विचारत होती.

गुरुवारी सूचना दिली असती तरी शनिवारपर्यंत काही बदललं नसतं. हे मी सकाळपासून वीस वेळा स्वतःला सांगितलं. खरंही असेल. पण मला लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

१६ मार्च, सोमवार

ताईला फोन केला. मीच.

सगळं सांगितलं. नमुना, बारावी ओळ, आकडे, लोकांची उचलेगिरी. तिला यातलं किती कळलं कोण जाणे. मग मी म्हटलं, अकरा वर्षांपूर्वी आपलं घर म्हणून घातले होते गं, प्रेमाने. पुढे असं अंगाशी येईल हे कुणाला माहीत?

"मुद्दाम नाही ना केलंस?"

"नाही."

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

मागे बेल वाजत होती, ती कोणी उघडत नव्हतं. मग म्हणाली, "चार वर्षं मी तुझ्या नावाने बोटं मोडली." आणि लगेच, नेहमीच्या सुरात, "रविवारी ये. भाऊजींना तुझ्या तोंडाने सांग. आणि वेळेवर ये, नाहीतर ते झोपतात."

फोन ठेवला आणि रडले. चिडूनच रडले, पण रडले.

१८ मार्च, बुधवार

उद्याच्या अंकात पहिल्या पानावर सूचना. मोठ्या अक्षरात. बारावी ओळ काढा, आजच काढा, तुमच्यामुळे — नाही, आमच्यामुळे — एका कुटुंबाला इजा झाली आहे. 'तुमच्यामुळे' तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. ज्या कंपन्यांची नावं शंकासुराने दिली होती, त्यांना वेगळी पत्रं पाठवली. एकीचं उत्तर आलं, की आमच्या तांत्रिक विभागाकडे आपली सूचना पोचवली आहे. पोचवा! मनगट तोवर जुळून येईल.

घुमी म्हणाली, चुकीचे आकडे पानावर कोणत्या तारखेपासून होते तेही द्यायला हवं. म्हणजे त्या तारखेनंतर ज्यांनी उचललं त्यांनाच शोधावं लागेल. मुद्दा बरोबर. अकरा वर्षं लिही, म्हटलं. ती म्हणाली, पानाचा बदल-इतिहास बघून लिहिते. बघ बाई, म्हटलं. तेवढाच तिला विरंगुळा.

१९ मार्च, गुरुवार

घुमीने सकाळी इतिहास उघडून माझ्यासमोर ठेवला. अकरा वर्षांपूर्वीच्या बाराव्या ओळीत शून्य आणि शून्य होतं, म्हणजे भर समुद्र, जिथे दार नाही की बेल नाही. घराचे आकडे चार वर्षांपूर्वी घातलेत. भाऊजी किल्ली न्यायला आले त्या दिवशी, दुपारी तीन दहाला. बदल करणारी मी. शेजारी कारण लिहायची जागा असते, तिथे कारणही लिहिलंय — 'जा सगळे तिच्या दारात.' आठवत नाही असं लिहायचं होतं. पण वाचल्याबरोबर आठवलं.

घुमीने सूचनेत तारीख कोणती घालू, एवढंच विचारलं.

खरी घाल, म्हटलं. कारणही घाल.