साडेसात ते सव्वाआठ

३ फेब्रुवारी
गिटार आणली. दुकानदाराने विचारलं, मुलीसाठी का? अशा लोकांना कृतीतून उत्तर द्यायचं असतं.
प्लॅन पक्का. रोज संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ घरी रियाज. रविवारी फक्त क्लास. ७ मेला बाबांचा ऐंशीवा वाढदिवस, त्या दिवशी सगळ्यांसमोर वाजवणार. एक पूर्ण गाणं. जमल्यास दोन.
कारण इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. बाबांनी मला बावन्न वर्षांत एकदाही 'छान' म्हटलेलं नाही. धाकट्या भावाला दोनदा म्हटलंय. दोन्ही वेळा मी तिथे हजर होतो.

५ फेब्रुवारी
डाव्या हाताची चारही बोटं सोलवटली. बायको म्हणाली, अहो, हौसेला मोल नसतं हे खरं, पण वय असतं. दुर्लक्ष केलं.

९ फेब्रुवारी, रविवार
पहिला क्लास. ड्रायक्लीनरच्या दुकानावरची खोली, सगळीकडे वाफेचा वास. मॅडम माझ्या मुलीएवढ्या. बॅचमधले बाकी सगळे दहाच्या आतले.
मॅडम म्हणाल्या, काका, मनगट सैल सोडा. अहो, हे वाक्य माझं आहे! वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून मी हे दिवसाला चाळीस वेळा म्हणतो. फरक इतकाच, की माझी माणसं खरोखरच आखडलेली असतात.

१४ फेब्रुवारी
घरात फितुरी. साडेसात वाजले की बायकोला फिरायला जायचं असतं. इतकी वर्षं मी चल म्हणायचो तेव्हा गुडघा दुखायचा. मुलगी हेडफोन घालून अभ्यास करते. परीक्षा मागच्याच आठवड्यात संपली आहे. शेजारच्या रिटायर्ड मास्तरांनी बाल्कनीचं दार लावून घेतलं, तेही आपटून.
बाबा मात्र वेगळे! आपली खुर्ची ओढत आले, माझ्यासमोर बसले, डोळे मिटले आणि पाऊण तास हलले नाहीत. मधे एकदा मान डोलावली. जानेवारीत कानाचं मशीन बसवल्यापासून त्यांना भिंतीपलीकडची कुजबुजही ऐकू येते, तेव्हा इतक्या जवळून काही सुटलं असेल असं वाटत नाही.

२ मार्च, रविवार
एफ नावाची एक कॉर्ड असते. एकाच बोटाने सहाच्या सहा तारा दाबायच्या. हे निसर्गाविरुद्ध आहे.
निर्णय: एफ सोडून द्यायची. मॅडम म्हणाल्या, तुमच्या गाण्यात ती चार ठिकाणी येते. तिथे मी जरा थांबेन. ऐकणाऱ्यांची उत्सुकता वाढते.

११ मार्च
कामावर किरकोळ प्रकार झाला. शेजारी बँकेतल्या बाई गाडी चालवत होत्या आणि मी सीटबेल्टच्या पट्ट्यावर सी आणि जी या कॉर्ड बसवत होतो. माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय हवा होता, तो ताल धरत होता. कचऱ्याचा डबा आडवा झाला. माणूस नव्हे, डबा.
बाईंनी विचारलं, सर, तुमचं लक्ष कुठे होतं? संध्याकाळी कळलं की त्यांनी समोरच्या स्कूलमध्ये नाव घातलं. दोन महिने मी यांना क्लच सोडायला शिकवलं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं!
घरी आलो तर बाबा खुर्ची घेऊन तयार. चला, जगात एक तरी माणूस आपला आहे.

३० मार्च, रविवार
आता मॅडमचाही दगा. मला बॅचमधून काढून एकट्याला सकाळी सातची वेळ दिली. कारण विचारलं तर म्हणाल्या, काका, पोरं तुमच्यासारखं वाजवायला लागलीत.
म्हणजे माझी स्टाइल पसरतेय आणि मॅडमना ते सहन होत नाही. शिक्षकाने मन मोठं ठेवावं. मी ठेवतो.

१२ एप्रिल
आज बाबांचं बोट खुर्चीच्या हातावर हललं! गाण्याच्या तालात नव्हतं, पण ताल मीही मधूनमधून बदलतो.
आनंदाने धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, दादा, गाणं-बजावणं ऐकलं की बाबांचं डोकं उठायचं, विसरलास का? जळतो नुसता. त्याची आता तिसऱ्या 'छान'ची आशा मावळली.

२९ एप्रिल
बाबांना घेऊन मशीनच्या तपासणीला गेलो. तिथल्या बाईंनी ते कॉम्प्युटरला जोडलं. मशीन कधी चालू होतं, कधी बंद, सगळं त्यात उमटतं म्हणे. बाई म्हणाल्या, काहीतरी दोष दिसतोय, रोज साडेसातला बंद पडतंय आणि सव्वाआठला आपोआप सुरू होतंय.
मी असा काही भडकलो! म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला असला माल देता? माझा बाप रोज नेमका त्याच वेळी संगीत ऐकतो! आत्ताच्या आत्ता बदलून द्या. बाईंनी पुन्हा स्क्रीन बघितला. म्हणाल्या, गंमत म्हणजे रविवारी बंद पडत नाही.
रविवारी मी घरी वाजवत नाही.
बाबा भिंतीवरचं कानाचं मोठं चित्र बघत होते. फार लक्ष देऊन. मी बाईंना सॉरी म्हटलं. तिसऱ्या गिअरवरच घरापर्यंत आलो.

३० एप्रिल
अडीच महिने! बायको फिरायला गेली, ती निदान दारातून उघडपणे गेली. मास्तरांनी दार आपटलं, तो सरळ माणूस. यांनी समोर बसून मान डोलावली. ती डुलकी होती हे आज कळतंय. सख्ख्या बापाने केसाने गळा कापला.
रडू आलं. बावन्नाव्या वर्षी, पार्किंगमध्ये, 'शिकाऊ'ची पाटी लावलेल्या गाडीत. एका पोरीने काचेवर टकटक करून विचारलं, सर, माझा टर्न का?
गिटार कपाटावर टाकली. रियाज कायमचा बंद.
साडेसातला बाबा खुर्ची ओढत आले. मी पेपर तोंडासमोर धरला. सव्वाआठपर्यंत बसले, मग उठून गेले.

७ मे
वाढदिवस. धाकटा सहकुटुंब आला. मी वाजवणार नव्हतोच. तरी कोणाचा गैरसमज नको म्हणून गिटार खाली काढून सोफ्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. पाहुण्यांनी तिच्यावर पर्सेस ठेवल्या.
कोणी आग्रह केला नाही. केला असता तरी मी साफ नाही म्हटलं असतं. निदान दोनदा.
केक कापल्यावर धाकटा उठून चार वाक्यं बोलला. त्यातली दोन आभाराची. बाबा म्हणाले, छान.
तीन झाले.

८ मे
साडेसातला बाबा आले. म्हणाले, वाजव. मी म्हटलं, कशाला, ऐकायचं तर नाहीये तुम्हाला. तर म्हणाले, ऐकतो आज. आणि कानाला हात लावून मशीन चालू आहे ते दाखवलं.
मग मी वाजवलं. पूर्ण गाणं, चारही ठिकाणी थांबून. तारा छेडायचं पिक दोनदा हातातून पडलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. डोळे उघडे. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही.
संपल्यावर म्हणाले, वाईट आहे रे. फारच वाईट.
एवढं बोलून मशीन काढलं, खिशात ठेवलं, खुर्चीत नीट टेकून बसले आणि हाताने खूण केली, चालू दे.
मी विचारलं, बाबा, मग रोज येऊन बसता कशाला?
त्यांना ऐकू गेलं नाही.