चोवीस चेहरे

३ नोव्हेंबर १९८२

धाकट्या आनंदाला चोवीसपैकी सहा!

परळच्या इस्पितळात डॉक्टर पद्मजाबाईंनी त्याच्यापुढे एकेक फोटो ठेवला — माणूस रागावलाय, घाबरलाय, दुःखी आहे की खूश, एवढंच सांगायचं. एक माणूस दुसऱ्याला किती ओळखतो हे मोजायचं! सव्वीस वर्षं मी लालबागात फोटो काढतोय, स्वतः शिकून. चेहरा हाच माझा धंदा. पण हे मोजता येतं, असं कधी मनातही आलं नव्हतं. भारावल्यासारखा चालत घरी आलो.

बाई म्हणाल्या, दुखणं नवं आहे, वर्षही झालेलं नाही. कानातले आवाज गोळ्यांनी कमी होतील. पण जो तो आपल्यालाच हसतो असं त्याला वाटतं, ते गोळीने जाईलच असं नाही. चेहरे ओळखणं पुन्हा जमलं तर तो माणसांत येईल. संपात गिरणी बंद पडली तसा माझा हा धाकटा भाऊ पोटमाळ्यावर बसून आहे. माझी बायको शेवंती ताट वर नेऊन देते.

फोटो मात्र सगळे गोऱ्यांचे. स्पष्ट सांगितलं — आपल्या माणसांचे मी काढून देतो.

९ नोव्हेंबर

संपवाले रिकामेच आहेत. राग मागितला तर रांग लागली! रडका फोटो कुणी देईना. शेजारचा गुणाजी म्हणाला, "हार घालून भिंतीवर लावतोस काय रे?" शेवटी दुःखी मीच झालो.

१७ नोव्हेंबर

चोवीस प्रिंट पोचवल्या. एकावरही डाग नाही.

२६ नोव्हेंबर

शरमेची गोष्ट, तरी लिहितो. आनंदाला पुन्हा सहा. धीरच सुटला. पण बाईंनी तेच फोटो दहा धडधाकट माणसांना दाखवले होते — तेही आपटले!

"परब, कपाळावरच्या आठ्या कुठे गेल्या?"

निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या बुजवायच्या, हा माझ्या हाताचा धर्म. गिऱ्हाईक देखणं दिसायला हवं ना! मी राग बुजवला, भीती बुजवली. आणि सव्वीस वर्षांत किती जणांची बुजवली असेल?

५ डिसेंबर

पेन्सिल पुसून नव्याने छापले. धडधाकटांना बावीसच्या आसपास. आनंदाला नऊ. पण हे नऊ खरे. बाईंनी रीत शिकवली — आधी भुवया बघ, मग डोळे, मग ओठांचे कोपरे. रोज अर्धा तास मी त्याच्यासोबत बसणार.

२० जानेवारी १९८३

अकरा.

१८ मार्च

पंधरा! सकाळी स्वतःहून नळावर गेला. परत येऊन सांगतो, गुणाजी हसला, पण मला नाही, बादली सांडली म्हणून. आकाशात नवा तारा सापडला की बघणाऱ्याला काय वाटत असेल, ते मला आज वाटलं.

११ एप्रिल

आनंदा हल्ली खाली येऊन जेवतो. आज शेवंती भात आणायला चुलीपाशी वळली, तसा हळूच म्हणाला, "दादा, वैनीक इचार काय झालां ता. चार दिवस ती खोटां हसता."

मी निरखून बघितलं. मला ती नेहमीसारखीच दिसली. तरी विचारलं.

हातातलं पातेलं घेऊन खालीच बसली. छातीत गाठ आहे. महिना झाला, चार दिवसांपासून वाढलीय. घरात एक दुखणं असताना दुसरं कशाला, म्हणून बोलली नाही.

उद्या आठला तिघे इस्पितळात जातोय.