विळीवर कापलेलं मटण

पंचशीला,

सकाळी तुझ्या सासूची विळी तुझ्या हातातून हिसकावून घेतली, ते माझं चुकलं. ती गेल्यापासून त्या विळीला कोणी हात लावलेला मला बघवत नाही. पण तू डबा न घेताच कामावर गेलीस आणि मला घरात बसवेना.

नया नगरच्या बाजारातून बोनलेस मटण आणलं. रात्री तुझ्या मैत्रिणी येणार त्या सूपसाठी पातळ काप मागितले तर खाटीक हसला, "चाचा, कागज बनाना है क्या?" मग तू म्हणत होतीस तसं फ्रीझरमध्ये घट्ट होऊ दिलं. सुरीने काप जाड पडायला लागले, म्हणून शेवटी विळीच काढली. मटणाच्या रेषांच्या आडवे कापलेत, ताटात पसरून, झाकून फ्रीजमध्ये ठेवलेत. जेवताना टेबलावरच्या उकळत्या सूपमध्ये एकेक काप बुडवून लगेच काढा, नाहीतर चिवट होतील. मैत्रिणींना येऊ नका म्हणाली असशील तर परत फोन कर.

मी पाली गावापर्यंत फिरून येतोय. आठला जेवायला येईन, तुमच्यातच बसेन.

अर्धा तुकडा मुद्दाम कापला नाही, फ्रीझरमध्ये आहे. तो तू काप. विळी धुऊन ओट्यावर ठेवलीय.

बाबा